गोळी पोटात गेल्यावरचं ब्लड कल्चर

पावसाळा लागला की सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या पट्ट्यात तापाचे रुग्ण वाढतात. खानदेशातून येऊन पॉवरलूमवर, डाइंगच्या मिलमध्ये, कापडबाजारात काम करणारी असंख्य मराठी कुटुंबं याच भागात राहतात. तापासाठी खाडा करणं त्यांना परवडत नाही. म्हणून पहिल्या दिवशी मेडिकलवरून गोळी, तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या डॉक्टरांकडून सुई आणि पुडी, पाचव्या-सहाव्या दिवशी सलाइन, आणि एवढं करूनही ताप हटला नाही की मोठं हॉस्पिटल. तिथले डॉक्टर ब्लड कल्चर करायला सांगतात. रक्त जातं, पाच दिवस सरतात आणि रिपोर्टवर दोनच शब्द येतात : ‘नो ग्रोथ’.

घरचे सुटकेचा निःश्वास सोडतात, की रक्तात काही निघालं नाही. काही वेळा डॉक्टरही तसंच म्हणून मोकळे होतात. पण अँटिबायोटिक सुरू असताना आलेला ‘नो ग्रोथ’ एवढंच सांगतो की त्या बाटलीत जंतू वाढले नाहीत. ते रक्तात नव्हतेच, असं तो सांगत नाही. याच्या उलट टोकाची समजूतही तितकीच घातक आहे : गोळ्या सुरू झाल्या, आता कल्चरला काय अर्थ? अर्थ आहे. रक्त पुरेसं घेतलं, योग्य वेळी घेतलं, योग्य बाटलीत घातलं आणि वेळेत मशीनपर्यंत पोहोचवलं, तर औषधाच्या माऱ्यातून वाचलेले जंतूही पुष्कळदा हाती लागतात.

अडचण नेमकी कुठे येते ते आधी पाहू. कल्चर म्हणजे रक्तातले जिवंत जंतू पोषक द्रवात वाढवून पाहणं. मेलेला जंतू वाढत नाही आणि औषधाने अर्धमेला झालेला फार सावकाश वाढतो. त्यातून मोठ्या माणसाच्या रक्तात जंतू असतात तरी किती? जंतुसंसर्ग गंभीर असतानाही अनेकदा एका मिलिलिटरमध्ये दहासुद्धा नाहीत. टायफॉइडमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या मुदतीच्या तापात, तर साधारण एक किंवा त्याहूनही कमी, आणि त्यातले बरेचसे पांढऱ्या पेशींच्या आत दडलेले. औषधाचे दोन-चार डोस गेले की हा मुळातच छोटा आकडा आणखी घसरतो. टायफॉइडच्या दहा रुग्णांत ब्लड कल्चरने साधारण सहाच सापडतात. आजाराचा पहिला आठवडा उलटला आणि गोळ्याही चालू असल्या, तर त्याहून कमी.

औषधाचा परिणाम किती लवकर होतो, हे उत्तर अमेरिकेतल्या सात इमर्जन्सी विभागांत मोजलं गेलं. तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गंभीर जंतुसंसर्गाची लक्षणं असलेल्या ३२५ रुग्णांचं रक्त अँटिबायोटिक देण्याआधी घेतलं आणि औषध दिल्यावर दोन तासांच्या आत पुन्हा घेतलं. आधीच्या रक्तात १०२ जणांमध्ये जंतू सापडले, नंतरच्या रक्तात ६३ जणांमध्ये. शिरेतून गेलेल्या एका डोसाने दोन तासांत एवढा फरक पडतो. यावरून दोन गोष्टी घ्यायच्या. शक्य असेल तिथे रक्त आधी, औषध नंतर. आणि औषध आधीच गेलं असेल तर आता उशीर झाला म्हणून हात झटकायचे नाहीत, कारण त्या ६३ जणांचे जंतू औषधानंतरही मिळालेच.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. कल्चरसाठी अँटिबायोटिक थांबवायचं की नाही, हे रुग्णाने किंवा नातेवाइकांनी ठरवायचं नाही. धाप लागली आहे, रक्तदाब उतरला आहे, लघवी कमी झाली आहे, माणूस गुंगीत आहे, हातपाय गार पडले आहेत, अशा वेळी रक्त लगेच काढून त्याच तासात औषध सुरू करतात. शीर मिळायला वेळ लागत असेल तर औषध आधी जातं. अशा रुग्णाच्या बाबतीत नमुन्याची वाट पाहणं जिवावर बेतू शकतं. याच्या अगदी वेगळी स्थिती म्हणजे हृदयाच्या झडपेवर हळूहळू वाढणारा संसर्ग. कित्येक आठवड्यांचा बारीक ताप, वजन उतरत चाललेलं, मध्येच घेतलेले अँटिबायोटिकचे अर्धवट कोर्स, आणि रुग्ण मात्र तसा स्थिर. अशा वेळी तज्ज्ञ डॉक्टर हॉस्पिटलमध्ये देखरेखीखाली काही दिवस औषध थांबवून पुन्हा कल्चर घेण्याचा निर्णय घेऊ शकतात. हा निर्णय त्यांचा. घरी कोणी हा प्रयोग करू नये.

घरच्यांच्या हातात आहे ते वेगळं, आणि ते फार मोलाचं आहे : आधी काय-काय औषध गेलं ते सांगणं. अडतं ते पुडीपाशी. रिकामी स्ट्रिप दाखवता येते, पण कागदाच्या पुडीत तीन रंगांच्या सुट्या गोळ्या असतील तर त्यात अँटिबायोटिक होतं की नुसतं पॅरासिटामॉल, हे कोणालाच कळत नाही. म्हणून पुडी देणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, “डॉक्टर, यात अँटिबायोटिक कोणतं आहे? नाव लिहून द्या.” असं विचारण्यात त्यांचा अवमान नाही. कोणती सुई दिली, तेही लिहून घ्या. मेडिकलवरून घेतलेल्या औषधाचं बिल ठेवा, स्ट्रिपचा फोटो काढून ठेवा. हॉस्पिटलमध्ये गेल्यावर औषधाचं नाव, पहिला डोस कधी घेतला आणि शेवटचा किती वाजता, या तीन गोष्टी सांगा आणि त्या कल्चरच्या फॉर्मवर लिहायला लावा. फॉर्मवर ‘सेफिक्झिम, चार दिवस, शेवटची गोळी सकाळी आठ’ असं लिहिलेलं असेल, तर लॅबमधले सूक्ष्मजीवतज्ज्ञ त्या बाटलीकडे वेगळ्या नजरेने पाहतात. ‘ताप, तपासणीसाठी’ एवढंच लिहिलं असेल तर त्यांना कशाचाच पत्ता लागत नाही. डॉक्टर रागावतील म्हणून मेडिकलची गोळी लपवणारे रुग्ण पुष्कळ असतात. लपवल्याने तोटा रुग्णाचाच होतो.

रक्त किती द्यायचं, हा कळीचा मुद्दा आहे आणि सगळ्यात जास्त ढिलाई इथेच होते. मोठ्या माणसाच्या एका बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त जायला हवं. एक संच म्हणजे दोन बाटल्या : एकीत हवेवर वाढणारे जंतू येतात, दुसरीत हवेशिवाय वाढणारे. असे दोन ते तीन संच, दर वेळी वेगळ्या शिरेतून. म्हणजे एकूण चाळीस ते साठ मिलिलिटर. नातेवाईक इथे दचकतात : आधीच अशक्त माणूस, त्यात एवढं रक्त? रक्तदानात एका वेळी साडेतीनशे मिलिलिटर रक्त घेतात, हे आठवलं की भीती कमी होते. जिथे मिलिलिटरमागे जेमतेम एक जंतू आहे आणि त्यावरही औषधाचा मारा झालेला आहे, तिथे तीन मिलिलिटर रक्तातून काय मिळणार? रक्त जितकं जास्त, तितकी जंतू सापडण्याची शक्यता वाढते. ही वाढ दर मिलिलिटरला काही टक्क्यांची असते. लॅबचा माणूस एकच बाटली घेऊन आला आणि तीही अर्धीच भरली, तर नम्रपणे विचारा : “दुसरा संच घेणार ना?” मुलांचं प्रमाण वजनावर ठरतं. तान्ह्या बाळाला एखादं मिलिलिटर पुरतं, आणि मुलांसाठी वेगळ्या लहान बाटल्या मिळतात. मुलांच्या रक्तात जंतूंची संख्या बहुधा मोठ्यांपेक्षा जास्त असते, म्हणून थोडं रक्तही चालतं.

आता वेळ. अँटिबायोटिक सुरूच असेल तर पुढच्या डोसाच्या अगदी आधी रक्त घ्यावं. त्या क्षणी रक्तातलं औषध सगळ्यात कमी असतं. वॉर्डातल्या सिस्टर सकाळी सहाला डोस देतात आणि लॅबवाला सात वाजता येतो, हा क्रम उलटा आहे आणि तो बदलायला खर्च लागत नाही. ताप चढेपर्यंत थांबण्याची मात्र गरज नाही. हुडहुडी भरण्याची वाट पाहण्यात वेळच जातो.

शिरेत आधीच लावलेल्या सलाइनच्या सुईतून कल्चरचं रक्त घेऊ नये, नवीन जागी टोचून घ्यावं. कातडी क्लोरहेक्सिडिन आणि अल्कोहोलने पुसल्यावर ती वाळू द्यावी. घाईने ओल्यावरच टोचलं तर कातडीवरचे निरुपद्रवी जंतू बाटलीत जातात आणि तेच ‘वाढले’ म्हणून रिपोर्टवर येतात. बाटलीचं रबरी बूचही पुसावं. एरवी अशी भेसळ शंभरात तीनाहून कमी कल्चरमध्ये असावी, असा मापदंड आहे. आधी अँटिबायोटिक घेतलेल्या रुग्णात या भेसळीचा घोळ जास्त होतो. खरा जंतू औषधाने दबलेला असतो आणि कातडीवरचा मात्र जोमात वाढतो. दोन वेगळ्या शिरांतून घेतलेले संच इथे कामी येतात : एकाच बाटलीत कातडीवरचा स्टॅफिलोकॉकस वाढला तर बहुधा भेसळ, दोन्ही संचांत तोच वाढला तर गंभीरपणे घ्यायला हवं.

मोठ्या लॅबमध्ये आता स्वयंचलित मशीन असतं. ते बाटली शरीराच्या तापमानाजवळ ठेवतं आणि जंतूंनी सोडलेला कार्बन डाय-ऑक्साइड सतत तपासत राहतं. एका कंपनीच्या बाटलीच्या तळाशी रंग बदलणारी चकती असते, दुसरीच्या बाटलीत प्रकाश देणारा संवेदक. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते बाटलीच्या आत. काही बाटल्यांत रेझिनचे किंवा तशाच शोषक पदार्थाचे बारीक मणी घातलेले असतात. रक्ताबरोबर आलेलं अँटिबायोटिक ते शोषून घेतात, म्हणजे जंतूवरचा दाब कमी होतो. शिवाय दहा मिलिलिटर रक्त तीस-चाळीस मिलिलिटर द्रवात मिसळलं की औषध आपोआप पातळ होतं. रक्त गोठू नये म्हणून बाटलीत घातलेलं रसायनसुद्धा रक्तातल्या जंतुनाशक घटकांना आवर घालतं. सगळी औषधं मात्र सारखी शोषली जात नाहीत. सेफॅलोस्पोरिन गटातली काही औषधं आणि मेरोपेनेम यांच्या बाबतीत मण्यांचा उपयोग कमी पडतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून मणी असलेली बाटली वापरली तरी डोसाआधी रक्त घेण्याचा नियम सुटत नाही. डॉक्टरांनी लॅबला सरळ विचारावं : तुमच्याकडे अँटिबायोटिक शोषणारी बाटली आहे का? रुग्ण औषधावर असेल तर तीच मागवावी.

जिथे मशीन नाही तिथेही मार्ग आहेत. टायफॉइडसाठी पित्त घातलेला द्रव वापरण्याची जुनी पद्धत आहे. पित्तामुळे पेशी फुटतात, आत दडलेले जंतू बाहेर येतात. रक्ताची गुठळी विरघळवून तिचं कल्चर करण्याची रीतही आहे, त्यात रक्तद्रवातलं औषध बाजूला राहतं. हाताने पाहायच्या बाटल्या मात्र सात दिवस ठेवाव्या लागतात आणि मधून मधून ताटलीवर घेऊन तपासाव्या लागतात. सुरतेत नवी सिव्हिल आणि महापालिकेचं स्मीमेर ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत, दोन्हीकडे सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आहे. खासगी केंद्रात रक्त देत असाल तर एवढं नक्की विचारा : बाटली मशीनमध्ये कुठे आणि किती वाजता जाणार? गल्लीतल्या केंद्रातून रात्री गोळा होऊन सकाळच्या गाडीने दुसऱ्या शहरात जाणारी बाटली वाटेतच बारा तास घालवते. ती दोन ते चार तासांत लॅबमध्ये पोहोचावी. आणि फ्रिजमध्ये कधीच ठेवू नये. सवयीने सगळे नमुने फ्रिजमध्ये टाकणारी केंद्रं असतात, आणि आधीच खचलेला जंतू त्या थंडीत तग धरेलच याचा भरवसा नाही.

टायफॉइडची शंका दाट आहे, रोगी बरेच दिवस औषधावर आहे आणि रक्तात काही मिळत नाही, तेव्हा हाडाच्या मगजाचं कल्चर उरतं. मगजात जंतू जास्त असतात आणि अँटिबायोटिकचे काही दिवस झाल्यावरही तिथे टिकून राहतात. दहापैकी आठ-नऊ रुग्णांत ते सापडतात. तपासणी दुखरी आहे, प्रत्येकाला करायची नाही, पण दोन आठवडे उलगडा न झालेल्या तापात डॉक्टरांनी सुचवली तर घाबरून नाही म्हणू नका.

आणि विडाल? एकट्या विडाल चाचणीवर टायफॉइड ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती जंतू शोधत नाही, शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं मोजते. ज्या वस्तीत पाण्यातून हा जंतू वारंवार पोटात जातो तिथे निरोगी माणसाचीही विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि लवकर औषध मिळालेल्या खऱ्या रुग्णाची निगेटिव्ह. शिवाय कोणतं औषध लागू पडेल हे विडाल कधीच सांगणार नाही. हा प्रश्न आता मोठा आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटाला भारतातला टायफॉइडचा जंतू केव्हाच सरावला आहे आणि पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१६ पासून सेफ्ट्रियाक्झोनलाही दाद न देणारा प्रकार पसरला. आपल्या रुग्णाच्या जंतूवर काय चालतं हे जिवंत जंतू हाती आल्यावरच कळतं. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये टायफॉइडची नवी लस मुलांना द्यायला सुरुवात केली. सरकारी पातळीवर असं करणारी ती जगातली पहिली मोहीम. तिचा परिणाम मोजतानाही ब्लड कल्चरने सिद्ध झालेले रुग्णच मोजले.

जंतू हाती न येण्याची किंमत सुरतेने एका साथीत मोजली आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये वेड रोडच्या परिसरातून फुप्फुसाच्या आजाराचे रुग्ण सिव्हिलमध्ये येऊ लागले, प्लेग म्हटला गेला, आणि काही दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडलं. दुकानांतलं टेट्रासायक्लिन संपलं. ज्यांना आजार होता त्यांनी ते खाल्लं, ज्यांना नव्हता त्यांनीही खाल्लं. आजारी माणसाचा जीव वाचवण्यासाठी ते योग्यच होतं, प्लेगमध्ये थांबायला वेळ नसतो. पण नमुने घेतले गेले तोवर अनेकांच्या शरीरात औषध पोहोचलेलं होतं, आणि जंतू वाढवून दाखवा, मग प्लेग मानू, असा वाद देशात आणि परदेशात चालू राहिला. त्याआधी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला होता, तिथेही हीच शंका घेतली गेली. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या समितीने तो प्लेगच होता असा निष्कर्ष काढला. पुढे हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्या साथीतून मिळालेल्या जंतूंची जनुकीय ओळख पटवून २००० मध्ये ती प्रसिद्ध केली. पहिल्या काही रुग्णांचं रक्त आणि थुंकी औषधाआधी, पुरेशी आणि नीट घेतली गेली असती, तर तो वाद एवढा लांबला नसता असं मला वाटतं. आज साथ नसतानाही प्रत्येक वॉर्डात हाच क्रम पाळायचा आहे.

काही जंतू ब्लड कल्चरच्या बाटलीत वाढतच नाहीत, औषध घेतलेलं असो वा नसो. दक्षिण गुजरातेत भाताच्या आणि उसाच्या शेतांत पावसाळ्यात होणारा लेप्टोस्पायरोसिस हा त्यातला मुख्य. त्यासाठी पहिल्या आठवड्यात रक्तात जंतूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर चाचणी आणि नंतर प्रतिद्रव्यांची चाचणी करतात. पुराच्या पाण्यातून चालून आल्यावर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं दिसलं, तर कल्चरच्या ‘नो ग्रोथ’वर विसंबू नका, डॉक्टरांना पाण्याचं सांगा. खोकल्यासाठी घेतलेलं लेव्होफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूलाही काही काळ दडपून ठेवतं, म्हणून लांबलेल्या खोकल्यात त्याचं नाव सांगणं तितकंच गरजेचं. मलेरियाची स्लाइड तर पहिल्याच दिवशी व्हायला हवी.

औषध चालू असताना कल्चर मुद्दाम पुन्हा घेण्याचीही वेळ येते. रक्तात स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा कँडिडा बुरशी सापडली, तर एक-दोन दिवसांआड पुन्हा कल्चर घेऊन रक्त स्वच्छ झालं का ते पाहतात आणि उपचारांचे दिवस पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजतात. “एकदा झालं ना, परत कशाला?” असं म्हणून नकार देऊ नका. औषध सुरू असतानाही जंतू वाढला तर ती सगळ्यात महत्त्वाची बातमी असते : एक तर औषध चुकीचं आहे, नाही तर शरीरात कुठेतरी पू साठला आहे, झडपेवर संसर्ग आहे, आत घातलेली नळी दूषित आहे. लघवी, पू, मेंदूच्या आवरणातलं पाणी यांतला योग्य तो नमुना त्याच वेळी पाठवला तर रक्तात न मिळालेला जंतू तिथे मिळू शकतो.

रिपोर्ट टप्प्याटप्प्याने येतो. अठ्ठेचाळीस तासांनी मिळणारा कागद तात्पुरता असतो, शेवटचा पाचव्या दिवशी येतो. औषधाने दबलेला जंतू तिसऱ्या-चौथ्या दिवशीही डोकं वर काढू शकतो. दोन दिवसांत ताप उतरला म्हणून डिस्चार्ज घेऊन माणूस विश्रांतीला नंदुरबारला, धुळ्याला, अमळनेरला गावी जातो, आणि इकडे बाटली पॉझिटिव्ह होते. लॅब ताबडतोब फोन करते, पण फॉर्मवर नंबर असतो मुकादमाचा किंवा ज्याच्याबरोबर रिक्षातून आला त्या शेजाऱ्याचा. तेव्हा फॉर्म भरतानाच रुग्णाजवळ राहणाऱ्या माणसाचा चालू नंबर लिहा, गावच्या घरचाही एक द्या, आणि पाचव्या दिवशी स्वतःहून फोन करून शेवटचा रिपोर्ट मागवा. त्यात जंतूचं नाव असेल तर खाली औषधांची यादी असते, कोणतं चालेल आणि कोणतं नाही अशी. तो कागद गावच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय आधीचा कोर्स बदलू नका आणि मध्येच बंदही करू नका.